प्याद्याचे नाव

प्रत्येक खेळाचे काही संकेत असतात. संकेत म्हणजे सर्वांनी मनोमन मान्य केलेली रीत. तमाशाच्या फडात आधी गण, मग गवळण आणि त्यानंतर वग येतो, हे प्रेक्षकास कोणी सांगावे लागत नाही. राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडच्या पोपटात दडलेला असतो, हे गोष्ट ऐकणाऱ्या लहान मुलासही ठाऊक असते. खेळांचेही तसेच आहे. कबड्डीच्या अंगणात ‘तू मेलास’ असे शब्द कानी पडताच धडधाकट गडी मुकाट्याने रेषेबाहेर जाऊन बसतो. त्याला काहीही झालेले नसते. परंतु खेळाचा संकेत मोडला तर खेळच राहणार नाही, हे त्यास कळते.

नवा खेळ कोणी शून्यातून निर्माण करीत नाही. जुन्या खेळांचे संकेत उसने घ्यावयाचे, त्यांतील एखादा किंचित बदलावयाचा आणि त्यातून निराळाच आनंद मिळवावयाचा, अशीच खेळांची वाढ झालेली आहे. अशा एका उसनवारीची ही हकिगत आहे. ती आपल्या अंगणातल्या खेळांपासून सुरू होते आणि जपानपर्यंत जाऊन पोहोचते.

वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यात कामरगाव नावाचे गाव आहे. कामरगावात काय किंवा वऱ्हाडातल्या दुसऱ्या कोणत्याही गावात काय, मुलांच्या खेळांत दोन प्रकार सहज वेगळे काढता येतात. पहिला प्रकार डावपेचाचा. ओट्यावर कोळशाने किंवा खडूने रेघा ओढून मांडलेली वाघ-बकरी हा याचा उत्तम नमुना होय. एका बाजूस थोडे वाघ आणि दुसऱ्या बाजूस पुष्कळ बकऱ्या असतात. वाघ बकरीवरून उडी मारून तिला खातो. बकऱ्या एकमेकींना बिलगून वाघास कोंडतात. येथे नशिबाला वाव नाही. जो पुढचा विचार करील तो जिंकेल.

दुसरा प्रकार सोंगाचा. राजा, राणी, चोर, शिपाई हा चिठ्ठ्यांचा खेळ कोणी खेळला नसेल? चार चिठ्ठ्या उधळल्या जातात. ज्याच्या हाती शिपायाची चिठ्ठी येईल त्याने चोर ओळखावयाचा. चोराची चिठ्ठी मिळालेला मुलगा चेहरा अगदी भोळा ठेवतो, आणि राजाची मिळालेला उगाच ताठ बसतो. क्षणभर प्रत्येक जण दुसराच कोणीतरी होतो. या खेळातली गंमत या सोंगात आहे.

आता प्रश्न असा की, वाघ-बकरीतला डावपेच आणि चिठ्ठ्यांतले सोंग ही दोन्ही एकाच खेळात आणता येतील काय? पटावरची सोंगटी जर खरोखरीच कोणाचे तरी सोंग घेऊन उभी राहिली, तर काय होईल? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास जगाला सुमारे दोनशे वर्षे लागली.

डावपेचाच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे आपले बुद्धिबळ. त्याचे जुने नाव चतुरंग. सैन्याची हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही जी चार अंगे, त्यांवरून हे नाव पडले. सातव्या शतकातील बाणभट्टाने आपल्या ‘हर्षचरित’ या ग्रंथात त्याचा उल्लेख केलेला आहे. चतुरंगानेही उसनवारी केली होती. चौसष्ट घरांचा पट त्याच्या आधीपासून प्रचारात होता. त्यास अष्टापद म्हणत, आणि त्यावर फासे टाकून खेळण्याचा एक निराळाच खेळ चाले, असे अभ्यासक मानतात. चतुरंगाने तो पट घेतला व त्यावर सेना उभी केली.

पुढे हा खेळ इराणात गेला, तेथून अरबांकडे आणि मग युरोपात पोहोचला. आपण ‘शह’ आणि ‘मात’ म्हणतो ते शब्द या प्रवासाची खूण आहेत. प्रत्येक मुक्कामी खेळात काही ना काही पालट झाला. पूर्वी वजीर तिरपे एकच घर चाले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याची राणी झाली आणि पटावरचे हे दुबळे मोहरे सर्वांत बलवान ठरले. एका मोहऱ्याची चाल बदलताच सारा खेळ वेगवान झाला. आज आपल्या पटावर त्याचे नाव वजीरच राहिले आहे. चाल मात्र युरोपातून परत आलेली आहे. रथ आपल्या पटावर दिसत नाही. उंट मात्र दिसतो.

एवढे सारे पालटले तरी बुद्धिबळाचे तीन संकेत टिकून राहिले. पहिला असा की, राजा कोंडला गेला की खेळ संपला. दुसरा असा की, प्यादे चालत चालत शेवटच्या रांगेत पोहोचले तर त्याचा वजीर होऊ शकतो. तिसरा संकेत मात्र थोडा कठोर आहे. राजासाठी प्याद्याचा बळी द्यावा, आणि त्याबद्दल कोणी वाईट वाटून घेऊ नये. विदर्भातल्याच नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २०२५ साली महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. तिच्यासारख्या निष्णात खेळाडूस मोहऱ्याचा बळी केव्हा द्यावा हे अचूक कळावे लागते. बळी दिलेल्या प्याद्याचे नाव काय, असे कोणी विचारीत नाही, कारण त्याला नावच नसते. आठही प्यादी एकसारखी. एक गेले काय आणि दुसरे गेले काय!

बुद्धिबळाच्या पटावर आणखी एक गोष्ट नाही, ती म्हणजे जमीन. सगळी घरे सपाट व सारखी असतात. खरे युद्ध तसे नसते. १६६० सालच्या जुलै महिन्यात शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले, तेव्हा शत्रूचे मोठे सैन्य पाठीवर होते. बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल मावळे यांनी घोडखिंडीत ते अडवून धरले. मोकळ्या मैदानात मूठभर मावळ्यांचा निभाव लागला नसता. अरुंद खिंडीत मात्र शत्रूची संख्या निरुपयोगी ठरली, कारण एका वेळी थोडेच लोक पुढे येऊ शकत होते. त्या दिवशी खिंडदेखील मावळ्यांच्या बाजूने लढली असे म्हटले तरी चालेल.

पटावर अशी खिंड कशी आणावयाची? जर्मनीतील ब्रन्सविक येथे हेलविग नावाचे गणिताचे शिक्षक होते. त्यांनी १७८० साली बुद्धिबळाचा पट कितीतरी मोठा केला आणि त्यातील घरांना निरनिराळे रंग दिले. एका रंगाचे घर म्हणजे डोंगर, दुसऱ्याचे म्हणजे पाणी, तिसऱ्याचे म्हणजे दलदल. मोहरे चालवणाऱ्यास आता जमिनीचाही विचार करावा लागला. पुढे १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने घरे पुसूनच टाकली आणि खऱ्या नकाशावर खेळ मांडला. त्याने आणखी दोन गोष्टी आणल्या. युद्धात दैवाचाही भाग असतो, म्हणून चकमकीचा निकाल ठरवण्यास फासे आले. शत्रू कोठे आहे हे सेनापतीस नेहमी दिसत नाही, म्हणून एक पंच नेमला गेला. खेळाडूंनी आपले हुकूम पंचाकडे द्यावयाचे, आणि पंचाने ज्यास जेवढे दिसणे शक्य असेल तेवढेच दाखवावयाचे. हा खेळ प्रशियाच्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणात वापरला गेला.

येथवर पटावर जमीन आली, दैव आले, धुकेही आले. परंतु मोहरा अजून मुकाच होता. पटावरच्या एका तुकडीत शेकडो शिपाई असत, आणि त्यांतील एकाचेही नाव खेळणाऱ्यास ठाऊक नसे.

नाव मिळाले ते अमेरिकेत. तेथे बाहुल्यांच्या सैन्याने जुन्या काळातील लढाया खेळण्याचा छंद पुष्कळांना होता. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१ साली अशा एका खेळाचे नियम छापले. त्यात साधारणतः एक बाहुली म्हणजे वीस सैनिक असा हिशेब होता. डेव्ह आर्नेसन या खेळाडूने हा हिशेबच उलटा केला. त्याच्या खेळात प्रत्येकाने एकाच माणसाचे सोंग घ्यावयाचे होते. सेना दूर राहिली आणि एक माणूस पुढे आला. गायगॅक्स आणि आर्नेसन या दोघांनी मिळून १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला.

या खेळात जुने संकेत कसे नव्याने घडले ते पाहण्यासारखे आहे. राइसविट्झचा पंच येथेही आहे. परंतु आता तो केवळ निकाल देत नाही. ‘तुमच्यासमोर अंधारी गुहा आहे, आतून पाण्याचा आवाज येत आहे,’ असे तो वर्णन करतो आणि खेळाडू त्यातून वाट काढतात. पंचाचा कथेकरी झाला! प्याद्याचा वजीर होणे हा बुद्धिबळाचा संकेतही येथे आला, पण तो लांबवर ताणला गेला. बुद्धिबळात प्यादे एका चालीत वजीर होते. या खेळात साधा शिपाई अनेक संकटांतून जातो, अनुभवाचे गुण मिळवतो आणि हळूहळू वीर बनतो. एक डाव संपला तरी त्याचे आयुष्य संपत नाही. पुढच्या बैठकीत तो तेथूनच पुढे चालू लागतो.

अशा रीतीने पश्चिमेकडे दोन परंपरा वाढल्या. एकीत सेना होती पण माणूस नव्हता. दुसरीत माणूस होता पण सेना दूर राहिली होती. या दोहोंना एकत्र आणणारे जे खेळ निघाले, त्यांत जपानमधील ‘फायर एम्ब्लेम’ हा फार प्रभावी ठरला. शोझो कागा यांनी रचलेला हा खेळ निन्टेन्डो कंपनीने १९९० साली बाजारात आणला. तो दूरचित्रवाणी संचाला जोडलेल्या यंत्रावर खेळावयाचा होता. अशा खेळांस आपण डावपेचाचे सोंगखेळ म्हणू.

या खेळाची मांडणी पाहिली म्हणजे सगळी उसनवारी स्पष्ट दिसते. पडद्यावर घरे आखलेली असतात. आधी एका बाजूने चाल करावयाची, मग दुसऱ्या बाजूने. ही रीत बुद्धिबळाची. काही घरांत रान असते, काहींत डोंगर, काहींत गढी. तेथे उभ्या असलेल्या शिपायास संरक्षण मिळते. ही रीत हेलविगची. तलवारीचा वार लागेल की हुकेल याचा हिशेब यंत्र करते, म्हणजे राइसविट्झचे फासे आता यंत्राच्या पोटात गेले. लढाईतून शिपायाला अनुभव मिळतो आणि तो वाढत जातो. ही रीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची. राज्य गमावलेला राजपुत्र सोबती गोळा करून राज्य परत मिळवतो, हे कथासूत्र तर आपल्या आजीच्या गोष्टींतही सापडेल. तो राजपुत्र पडला की खेळ संपतो. हा पुन्हा बुद्धिबळाच्या राजाचाच नियम झाला.

मग या खेळाने नवे काय केले? त्याने बुद्धिबळाचा तो तिसरा, कठोर संकेत हाती घेतला आणि त्यावर विचार करावयास लावले. या खेळात प्रत्येक शिपायाला नाव आहे, चेहरा आहे, आणि बोलण्याची ढबही आहे. एखादा म्हातारा सरदार असतो, एखादी तिरंदाज मुलगी असते. एकदा का त्यांतील कोणी लढाईत पडला, की तो कायमचा गेला. पुढच्या लढाईत त्याची जागा रिकामीच राहते.

नियम पाहिला तर यात विशेष काही नाही. बुद्धिबळातही मारलेले मोहरे पटावर परत येत नाही. परंतु बुद्धिबळात डाव मोडला की सगळी मोहरी पुन्हा मांडली जातात. येथे गोष्ट पुढे चालूच राहते, आणि गेलेला मात्र मागे राहतो. त्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडली. लढाई जिंकत आलेली असतानाही, एक साधा शिपाई पडला म्हणून खेळाडू ती लढाई सोडून देतात आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतात. बुद्धिबळाच्या रीतीने पाहिले तर हा वेडेपणा होय. एका प्याद्यासाठी जिंकलेला डाव कोण सोडील? परंतु प्याद्याला नाव मिळाले की जिंकणे या शब्दाचा अर्थच बदलतो. किती घरे घेतली, यापेक्षा किती सोबती घरी परत आणले, हे मोजले जाऊ लागते.

हा नियम काहींना फार जाचक वाटला. म्हणून २०१० साली निघालेल्या याच मालिकेतील एका खेळात दोन वाटा ठेवण्यात आल्या. एका वाटेने गेल्यास पडलेला शिपाई कायमचा जातो. दुसऱ्या वाटेने गेल्यास तो पुढच्या लढाईत परत येतो. यांतील कोणती वाट बरी, यावर खेळाडूंत पुष्कळ वाद झाले.

आपल्याकडील मुलांना हा वाद नवा वाटणार नाही. कबड्डीच्या जुन्या प्रकारांत तोच प्रश्न फार पूर्वी येऊन गेलेला आहे. ‘संजीवनी’ या प्रकारात प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक बाद झालेला गडी जिवंत होऊन मैदानात परत येतो. ‘गामिनी’ प्रकारात बाद झालेला गडी, सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो. ‘अमर’ प्रकारात तर गडी बाद झाला तरी मैदान सोडत नाही. प्रतिपक्षाला फक्त गुण मिळतो. सारीपाटावरही मारलेली सोंगटी पुन्हा आरंभापासून चालू लागते. मरण म्हणजे काय, हे प्रत्येक खेळाने आपल्यापुरते ठरवून घेतलेले असते. गामिनीत माणूस जपून खेळतो. अमरमध्ये तो बेधडक उडी घेतो. नियम एकच बदलला, पण खेळणाऱ्याचा स्वभाव बदलला.

याचा पडताळा पाहण्यास यंत्राची गरज नाही. वाघ-बकरीचा पट मांडा. मात्र या वेळी प्रत्येक बकरीला एक नाव द्या. खेड्यातल्या घरी दोन शेळ्या असल्या तरी त्यांची नावे वेगळी असतात. एक चांदी असते, दुसरी काळी असते, आणि हाक मारली की तीच मान वर करते. तशी नावे पटावरच्या खड्यांना द्या. मग आणखी एक नियम करा. जी बकरी पहिल्या डावात खाल्ली गेली, ती त्या दिवशीच्या पुढच्या कोणत्याही डावात घ्यावयाची नाही. दोन डाव होताच तुमच्या ध्यानात येईल की तुम्ही निराळ्या रीतीने खेळू लागला आहात. काल जी बकरी तुम्ही वाघापुढे सहज लोटली असती, तिला आज मागे घ्याल. कदाचित त्यामुळे डाव हराल. तरीही शेवटी पटावर किती उरल्या, हे तुम्ही मोजून पाहाल.

डावपेचाचा खेळ आपणांस पुढचा विचार करावयास शिकवतो. सोंगाचा खेळ दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहावयास शिकवतो. या दोन गोष्टी एकमेकींपासून दूर ठेवल्या तर दोन्ही अपुऱ्या राहतात. नुसता डावपेच जाणणारा माणूस हिशेबात हुशार होतो, पण त्याच्या हिशेबात माणसांचे आकडे होतात. नुसते सोंग जाणणारा हळवा होतो, पण संकटातून वाट काढणे त्यास जमत नाही. ही दोन्ही एकत्र आणणाऱ्या खेळाचे मोल म्हणूनच करमणुकीहून काही अधिक आहे.

घोडखिंडीचा प्रसंग आपण अभिमानाने सांगतो. त्या खिंडीला पुढे पावनखिंड हे नाव मिळाले, आणि बाजीप्रभूंचे नाव घरोघरी पोहोचले. त्यांच्यासोबत लढलेल्या बहुतेक मावळ्यांची नावे मात्र आपणांस ठाऊक नाहीत. त्या प्रत्येकाला नाव होते. त्याला त्या नावाने हाक मारणारे कोणीतरी घरी वाट पाहत होते. इतिहास वाचताना ‘इतके सैनिक पडले’ असे वाक्य येते, तेव्हा त्या आकड्यापाशी क्षणभर थांबावे. पटावरच्या प्याद्याला नाव देण्याचा खेळ ज्याने खेळला असेल, त्याला असे थांबणे अवघड जाणार नाही.